विद्यापीठ-सेवकाची वाणी

ज्ञानदानाच्या व्यवसायांत वाणी हेंच मुख्य साधन असल्यामुळें तिच्यावर सत्ता कोणाची, हा वाद विद्यापीठांच्या इतिहासांत वारंवार उपस्थित झालेला आहे. प्राध्यापकांपासून कारकुनांपर्यंत सर्वच सेवक आपल्या कामासाठीं समाजमाध्यमें वापरूं लागल्यामुळें तो नव्या वेषानें पुढें आला आहे, एवढेंच. त्याची वंशावळ मात्र जुनी आहे.

सन १९०० मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतून एडवर्ड रॉस या अर्थशास्त्रज्ञास बाहेर पडावें लागलें. त्याचीं सार्वजनिक भाषणें संस्थापकांच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांना रुचलीं नव्हतीं. रॉसची बाजू निष्कलंक होती असें मुळींच नाहीं. जपानी मजुरांविषयींचीं त्याचीं मतें वंशद्वेषानें डागळलेलीं होतीं. तरीहि त्याला घालविण्याच्या रीतीचा निषेध म्हणून कित्येक सहकाऱ्यांनीं राजीनामे दिले. त्यांपैकीं आर्थर लव्हजॉय यानें पुढें १९१५ मध्यें जॉन ड्यूई प्रभृतींसह अमेरिकन प्राध्यापकांची संघटना स्थापन केली. १९४० मध्यें महाविद्यालयांच्या संघटनेशीं मिळून तिनें जें निवेदन काढलें, त्याचा आशय असा: प्राध्यापक नागरिक या नात्यानें बोलेल तेव्हां संस्थेनें त्यास शासन करूं नये, त्यानेंहि संयम पाळावा व आपण संस्थेच्या वतीनें बोलत नाहीं हें स्पष्ट करावें.

ही तडजोड शहाणपणाची होती. पण सेवकाचें स्थान वेगळें आणि नागरिकाचें वेगळें, हें तिनें गृहीत धरलें होतें. वर्ग निराळा, टाउनहॉल निराळा! समाजमाध्यमांनीं नेमकी हीच भिंत पाडली. एकाच नांवाखालीं प्राध्यापक सकाळीं परीक्षेची सूचना देतो, दुपारीं आपलें संशोधन सांगतो आणि रात्रीं राजकारणावर संतापतो.

सप्टेंबर २०१३ मध्यें वॉशिंग्टनच्या नौदल-तळावर गोळीबार झाला. त्यावर कॅन्सस विद्यापीठाच्या एका प्राध्यापकानें ट्विटरवर बंदूकधारकांच्या संघटनेला उद्देशून अत्यंत कटु शब्द लिहिले, तेव्हां त्याला सक्तीच्या रजेवर पाठविण्यांत आलें. डिसेंबरांत त्या राज्याच्या नियामक मंडळानें सर्व सरकारी विद्यापीठांच्या सेवकांना लागू होणारा नियम केला. समाजमाध्यमाच्या ‘अयोग्य’ वापराबद्दल नोकरीवरून काढण्याचा अधिकार त्यानें कुलप्रमुखांना मिळाला. ओरड झाल्यावर मे २०१४ मध्यें विचारस्वातंत्र्याची ग्वाही देणारीं वाक्यें त्यांत घातलीं गेलीं. शिक्षेचें कलम मात्र राहिलें.

या नियमांतील एक बारकावा विचार करण्यासारखा आहे. अधिकृत कर्तव्य म्हणून लिहिलेला मजकूर विद्यापीठाच्या हिताविरुद्ध असला तर तो दंडनीय ठरला. याचें मूळ अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ मधील गार्सेटी खटल्याच्या निकालांत आहे. सरकारी नोकर कर्तव्याचा भाग म्हणून जें बोलतो, त्यास नागरिकाच्या भाषणाचें घटनात्मक संरक्षण नाहीं, असें त्यानें ठरविलें. अध्यापन-संशोधनाचें काय, हा प्रश्न खुला ठेवला. म्हणजे प्राध्यापक गल्लींतल्या गप्पांत जितका सुरक्षित, त्याहून आपल्या विषयावर अधिकारानें बोलतांना कमी सुरक्षित ठरण्याचा संभव!

आपल्याकडेहि जुलै २०१९ मध्यें केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयानें उच्च शिक्षणसंस्थांना पत्र पाठविलें. प्रत्येक संस्थेनें आपल्या सेवकवर्गांतून एक समाजमाध्यम-प्रमुख नेमावा व संस्थेच्या चांगल्या कार्याच्या वार्ता प्रसृत कराव्या, अशी त्यांत अपेक्षा होती. आपलें काम लोकांना सांगणें यांत गैर कांहींच नाहीं. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचें तें कर्तव्यच होय. परंतु चांगली वार्ता सांगणें हें जेथें कर्तव्य ठरतें, तेथें वाईट वार्ता सांगणारा सेवक कर्तव्यच्युत ठरण्यास कितीसा वेळ लागणार? वसतिगृहाचें पाणी दूषित आहे, किंवा आपलाच प्रयोग फसला, हें सांगणारा सेवक संस्थेचा शत्रु नव्हे.

म्हणून १९४० च्या तडजोडीला आतां एका नव्या कलमाची जोड हवी. संस्थेच्या नांवानें चालणारें खातें संस्थेचें असावें, व त्यावरील शब्दांची जबाबदारी तिनें घ्यावी. परंतु विद्वान् स्वतःच्या नांवानें आपल्या विषयावर जें सत्य सांगतो, तें कामाच्या वेळेंत सांगितलें म्हणून संस्थेच्या मालकीचें होत नाहीं. विद्यापीठ सेवकाला वेतन देतें तें त्याच्या श्रमाबद्दल. त्याच्या निर्णयबुद्धीचीहि खरेदी झाली, तर विद्यापीठाला मिळेल तो जाहिरातदार. विद्वान् मात्र हातचा जाईल.