साहेबाचा गळ, आमची वलगण

ट्राउट आमच्या नद्यांत नाही आणि कधी होणारही नाही. तिला गार, खळाळतं पाणी लागतं. पाणी पंचवीस अंशांच्या पुढे तापलं की तिचा जीव घुसमटतो. मे महिन्यातली वैतरणा त्याहून कितीतरी कढत. हे वसईच्या किनाऱ्यावर राजोडीत बसून लिहायचं कारण माझा भाचा. तो हिमाचलात तीर्थनच्या खोऱ्यात जाऊन आला, लॉजवर राहिला, पिसांची खोटी माशी पाण्यावर फेकून ट्राउट धरली आणि फोटो काढून सोडून दिली. आल्यावर म्हणाला, "मामा, आपल्याकडे अशी काही परंपराच नाही ना?"

परंपरा म्हणशील तर ती ट्राउटही तिथली नव्हे. इंद्रधनुषी ट्राउट मूळची पॅसिफिकच्या किनाऱ्याची, अमेरिकेची आणि कामचात्काची. काश्मीरसाठी १८९९ साली विलायतेहून तपकिरी ट्राउटची अंडी निघाली ती वाटेतच खराब झाली. पुढच्या वर्षीची तगली. इंद्रधनुषी जात निलगिरीत रुजली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे साहेबानं आधी मासा आणला, मग गळ टाकला. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी गळाला बंदी असते, कारण हिवाळा हा ट्राउटच्या विणीचा हंगाम.

मुंबई इलाख्यातल्या साहेबाला मात्र मासा आणायची गरज पडली नाही. मोठ्या खवल्यांचा, प्रवाहाच्या तोंडावर उभा राहणारा महसीर नद्यांत होताच. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. त्यानं दख्खनच्या माशांची टिपणं केली आणि पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीराचं वर्णन १८३९ साली छापून आणलं. पुढे १८७३ साली हेन्री सलिवन थॉमस या मद्रासकडच्या मुलकी अधिकाऱ्याचं ‘द रॉड इन इंडिया’ निघालं आणि महसीर हा हिंदुस्थानातला सामन ठरला. आमिषाला कोणता चमचा वापरावा, दोर किती जाड असावा, सगळं त्यात आहे. त्याच वर्षी फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाचा गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा अहवाल आला. दोघांचं गाऱ्हाणं एकच होतं: इथले लोक बारीक आसाची जाळी लावतात, पाण्यात विष कालवतात, पिल्लं आणि गाभोळीची मादी काही सोडत नाहीत. १८९७ च्या मत्स्य कायद्यानं सुरुंग आणि विष दोन्हीला बंदी घातली. आपल्याकडे गेळफळ आणि रामेठ्याची साल ठेचून डोहात टाकायची रीत होतीच, तेव्हा गाऱ्हाणं खोटं म्हणता येत नाही.

आणि वलगणीचं, म्हणजे पहिल्या पावसात चढणीचे मासे धरण्याचं, काय? तिच्यात विष नसतं, पण साहेबानं आमची वलगण पाहिली असती तर डोक्याला हात लावला असता.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस दोन-तीन दिवस धरून राहिला की शेतं भरतात, पाणी बांधांवरून ओहोळात आणि ओहोळातून खाडीकडे पळतं. अंड्यांनी फुगलेले मासे त्या पाण्याचा वास धरून उलटे चढतात, कारण गुडघाभर पाण्याचं भातशेत हीच त्यांची विणीची जागा. चिवनी, शिंगट्या, मळवे, खवल, मरळ, वाम. राजोडी-नाळ्याच्या शेतांत मी लहानपणी हे पाहिलंय. संध्याकाळी कुणीतरी ओरडत यायचा, "वलगण लागली रे!" की घरोघरचे पुरुष कंदील, पाग आणि कोयता घेऊन बाहेर. बांधाच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावायचा, पाणी उथळ असेल तिथे सरळ कोयत्यानं हाणायचं. आई आणि काकी टोपली धरून बांधावर. गाभोळी भरलेली चिवनी सर्वांत आधी उचलायची. सोडून देण्याचा विचार कुणाच्या मनात येत नसे, आणि आला असता तर आजीनं त्याला घरात घेतलं नसतं.

तरी पुढच्या मृगाला मासा पुन्हा हजर. का? शेतं विस्तीर्ण होती आणि आमचे हात थोडे. रात्रीच्या चढणीतला किती मासा आम्ही धरणार! बाकीचा अंधारात सुखरूप शेतात शिरायचा. बावखलांत, म्हणजे गावातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांतही, बराच राहायचा. आता शेतं बुजली, बावखलं भरून त्यांच्यावर इमारती आल्या. विणायला जागाच नसेल तर कोयता असो वा नसो, फरक काय पडतो?

राजोडीहून किनाऱ्यानं उत्तरेला गेलात तर अर्नाळा, आणि अर्नाळा किल्ल्याच्या पलीकडे वैतरणेचं मुख. त्याच नदीवर वर, वाडा तालुक्यात तिळसे आहे. पात्रातच महादेवाचं देऊळ, आणि डोहातले महसीर देवाचे. तिथे कुणी गळ टाकत नाही, जाळं तर दूरच. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीतही वरदायिनीच्या नावानं मासा असाच राखलेला आहे. भाच्याला जी परंपरा हवी होती ती ही, फक्त तिच्यात दांडा आणि रीळ नाही. साहेबानं विणीच्या काळापुरती बंदी शोधली, आमच्या लोकांनी ठरावीक डोह बाराही महिने बंद ठेवला. मला विचाराल तर दुसरी युक्ती जास्त शहाणी, कारण तिला शिपाई लागत नाही.

पण देवाचा पहारा डोहापुरता. महसीर पावसात वरच्या उथळ पाण्यात जाऊन अंडी घालतो, आणि वरची वाट मुंबईच्या नळांनी अडवली. तानसाचं धरण १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं, अप्पर वैतरणा १९७३ चं, मध्य वैतरणा त्यानंतरचं.

धरणांमुळे विणीची जागा गेली म्हणून माणसानं ती हौदात करून दिली. चिं. वि. कुलकर्णी हे राज्याचे मत्स्यसंचालक होते. त्यांनी दख्खनच्या महसीराची वीण अभ्यासून १९७१ साली लिहिलं, आणि लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांकाठी त्याचं बीजकेंद्र उभं राहिलं. नंतर कुलकर्णी आणि शशांक ओगले यांनी अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानानं दूर पाठवायची रीत बसवली. काश्मीरला अंडी नेताना साहेबाला जे जिकिरीचं गेलं ते इथे कापसावर भागलं. लोणावळ्याचं बीज अनेक राज्यांत गेलं, कावेरीतही गेलं.

कावेरीच्या खोऱ्यात आधीच एक कुबडाचा महसीर होता, अंगानं दख्खनच्या महसीराहून कितीतरी मोठा. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकानं १९४६ साली कबिनीत १२० पौंडांचा धरला तो त्यातलाच. लोणावळ्याचा मासा कावेरीत फोफावला, तसा कुबडवाला गळाला लागेनासा झाला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग यांचाही त्यात हात आहे. त्याची शास्त्रीय ओळख नीट पटली ती २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.