महामार्गाची आखणी: नागपूर–सिवनी रस्त्याचा धडा

स्वातंत्र्यानंतर बराच काळ महामार्गाची आखणी हे निव्वळ अभियंत्यांचे काम होते. चढ-उतार, नदी ओलांडण्याची सोयीची जागा आणि खर्च एवढे पाहून नकाशावर रेघ ओढली जाई. 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात पुढे 1997 मध्ये भूसंपादनाची स्वतंत्र तरतूद आली. अधिसूचना निघाल्यापासून 21 दिवसांत जमीनमालकाने हरकत नोंदवायची, असे त्या तरतुदीत ठरले. हरकत ज्याची जमीन जाते त्याची. रस्त्यामुळे ज्याचे शेत विहिरीपासून तुटते किंवा ज्या गावाची गुरे पलीकडच्या गायरानात जातात, त्यांच्यासाठी त्यात फारशी जागा नव्हती.

जंगलाची बाजू वेगळ्या वाटेने आली. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1980 चा वनसंवर्धन कायदा यांमुळे वनजमिनीतून रस्ता नेण्यासाठी केंद्राची परवानगी लागू लागली. 1994 च्या अधिसूचनेने पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला, 1997 मध्ये जनसुनावणी आली आणि 2006 मध्ये ही सगळी चौकट नव्याने मांडली गेली. प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास, जिल्हाधिकारी वा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली, 30 दिवसांची पूर्वसूचना देऊन आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून सुनावणी घ्यायची, असा नियम झाला. कागदावर ही मोठी मजल होती. प्रत्यक्षात सुनावणीच्या दिवशी आखणी बहुतेक पक्की झालेली असे. त्यामुळे गावकऱ्यांच्या हाती रस्ता कुठून जावा हे ठरवणे उरत नसे. पुलाखालची वाट, सेवा रस्ता, मोरी आणि मोबदला एवढेच मागता येई.

या सगळ्या चौकटीची खरी परीक्षा नागपूर–सिवनी रस्त्यावर झाली. वाराणसी ते कन्याकुमारी जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 7 (आताचा 44) नागपूरच्या उत्तरेला मनसर, देवलापार, खवासा असा पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. पेंच आणि कान्हा यांना जोडणारा वन्यजीवांचा भ्रमणमार्गही हाच रस्ता ओलांडतो. श्रीनगर–कन्याकुमारी कॉरिडॉरचा भाग म्हणून त्याचे चौपदरीकरण ठरले, तेव्हा वन्यजीव अभ्यासकांनी हरकत घेतली. दुपदरी रस्ता वाघ रात्री ओलांडून जातो. चार पदर, मधला दुभाजक आणि अखंड वाहतूक हा त्याच्यापुढे उभा राहिलेला अडसर असतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे गेले. छिंदवाड्यावरून पर्यायी मार्ग न्यावा, ही सूचना पुढे आली. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि रस्ते वाहतूकमंत्री कमलनाथ यांच्यातला मतभेदही जाहीर झाला. या काळात रस्ता उखडत राहिला आणि त्यावरून रोज जाणाऱ्या माणसांचे हाल झाले, हेही विसरता येत नाही.

अखेर रस्ता त्याच जागी रुंद करण्याचे ठरले, पण वन्यप्राण्यांना खालून वाट ठेवण्याच्या अटीवर. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शिफारशींच्या आधारे महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ वाटा बांधल्या गेल्या: पाच खास प्राण्यांसाठी आणि चार छोट्या पुलांखाली. सर्वांत लांब वाट 750 मीटरची आहे. तिथे गाड्या खांबांवरच्या रस्त्यावरून जातात आणि खालची जमीन जंगलाचीच राहते. 2019 मध्ये मार्च ते डिसेंबर या काळात संस्थेने या नऊ वाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावले आणि 18 जातींच्या वन्यप्राण्यांची 5,450 छायाचित्रे मिळाली. वाघ, चितळ, रानडुक्कर, रानकुत्रे सारे त्या वाटांनी जात होते. मध्य प्रदेशाच्या हद्दीत प्राण्यांच्या वाटांसोबत आवाज आणि दिव्यांचा झोत अडवणाऱ्या भिंतीही उभारल्या गेल्या. भारतात इतक्या मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग पहिल्यांदाच झाला आणि तो यशस्वी ठरला, याचे श्रेय न्यायालयात चिकाटीने झगडणाऱ्यांना द्यायलाच हवे.

माणसांच्या बाबतीत धडा समृद्धी महामार्गाने दिला. नागपूर–मुंबई 701 किलोमीटरच्या या रस्त्यासाठी राज्य सरकारने आधी भूसंचयाची योजना आणली: शेतकऱ्याने जमीन द्यायची आणि नियोजित नव्या नगरात विकसित भूखंड घ्यायचा. नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांतल्या बागायतदारांनी मोजणीला विरोध केला. सातबाऱ्यावरची बागायत जमीन देऊन, पुढे कधीतरी वसणाऱ्या नगरातला भूखंड त्यांना नको होता. सरकारने अखेर पाचपट दराने थेट खरेदीचा पर्याय दिला आणि बहुतेक जमीन त्याच मार्गाने मिळाली. तेवढा विरोध झाला नसता तर हा दर मिळाला नसता.

नियम मात्र याच काळात सैल होत गेले. 2013 मध्ये अस्तित्वातल्या महामार्गाच्या रुंदीकरणाला पर्यावरण मंजुरीची अट 100 किलोमीटरहून लांब आणि 40 मीटरहून जास्त अतिरिक्त रुंदी लागणाऱ्या कामापुरती राहिली. डिसेंबर 2020 मध्ये चेन्नई–सेलम महामार्गाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: पर्यावरण मंजुरी प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी हवी, भूसंपादनाच्या पहिल्या अधिसूचनेपूर्वी ती असण्याची गरज नाही.