दुधाळ रक्ताची नोंद

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या थोरल्या भाईंच्या रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात खटला उभा राहिला. कोलेस्टेरॉल ३८०! आरोपी ठरले तूप, नळी आणि शुक्रवारचा पुलाव. भाभींनी तिघांनाही हद्दपार केलं. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण घरातला शिकलेला म्हणून निकालावर सही माझी. सकाळी चेहरा सुजतो, संध्याकाळी मोजे पायात रुततात, लघवीला साबणासारखा फेस येतो, हे भाईंनी मला आधीच सांगितलं होतं. मी म्हणालो, "वय झालं, भाई." कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, लघवी मात्र कुणीच तपासून घेतली नाही. दोन वर्षांनी त्यांचं डायलिसिस सुरू झालं.

डायलिसिसच्या खोलीबाहेर चार-चार तास बसावं लागतं. त्या बाकावर जे वाचत गेलो, ते आज तुम्हाला सांगतो.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगावर सूज घेऊन येणारे रोगी तिथे पुष्कळ. त्या काळी सूज हाच रोग मानत. ब्राइट रोग्याची लघवी चमच्यात घेत आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरत. कुणाकुणाची लघवी अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठे. असा रोगी दगावला की ते शवविच्छेदन करून पाहत. मूत्रपिंडं बिघडलेली सापडत. १८२७ साली त्यांनी हे छापलं आणि पुढे कितीतरी वर्षं मूत्रपिंडाच्या दुखण्याला 'ब्राइट्स डिसीज' असंच म्हणत. १८४२ मध्ये या एकाच रोगाच्या अभ्यासासाठी हॉस्पिटलनं त्यांना दोन वॉर्ड आणि ४२ खाटा दिल्या. एक चमचा आणि एक मेणबत्ती! आमच्या घरात दोन्ही होतं.

त्या काळचा मोठा उपचार म्हणजे शीर कापून रक्त काढणं. उपचार म्हणून तो वाईटच, पण त्यामुळे एक गोष्ट डोळ्यांना दिसली. काढलेलं रक्त भांड्यात ठेवलं की गुठळी होते आणि पिवळसर पाणी वेगळं होतं. सुजलेल्या रोग्यांपैकी काहींचं हे पाणी दुधासारखं पांढुरकं असे. एडिंबरोच्या रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी १८३० मध्ये रक्ताच्या या दुधाळपणावर लेख लिहिला आणि त्याचं कारण चरबी असल्याचं सांगितलं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी पित्ताच्या खड्यातल्या मेणचट पदार्थाला १८१६ मध्येच 'कोलेस्टेरिन' हे नाव दिलं होतं; १८३३ मध्ये तोच पदार्थ बूदे यांना माणसाच्या रक्तात सापडला. हे शेव्हरल स्वतः १०२ वर्षं जगले. ते काय खात होते, अशी चौकशी भाभींनी माझ्याकडे केली होती.

ही चरबी येते कुठून? एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. चक्का बांधायचं फडकं विरलं की पाण्याबरोबर दहीही जातं, तसं गाळणी बिघडली की रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून वाहून जातं. फेस येतो तो त्याचाच. तूट भरून काढायला यकृत घाईनं कामाला लागतं आणि त्या घाईत चरबी वाहून नेणारे कणही जास्त सोडतं. शिवाय रक्तातली चरबी बाजूला करण्याची शरीराची ताकद कमी होते. म्हणजे ३८० चा आकडा ताटातून आला नव्हता. नळी अगदीच निर्दोष, असं मी म्हणत नाही. पण मुख्य आरोपी मोकळाच फिरत होता.

दीडशे वर्षं वैद्यकानं ही गोष्ट एकाच बाजूनं वाचली: मूत्रपिंड बिघडलं म्हणून चरबी वाढली.  १९८२ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलचे जॉन मूरहेड आणि त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट'मध्ये उलटा प्रश्न मांडला. वाढलेली चरबी धमन्यांना इजा करते, तशी गाळण्यांनाही करत असेल का? तसं असेल तर हे दुष्टचक्र झालं.

प्रश्न तपासायला औषध हवं होतं. जपानच्या अकिरा एन्डो यांनी सहा हजारांहून अधिक बुरशी तपासल्या. क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना कोलेस्टेरॉल रोखणारा पदार्थ सापडला. १९७६ मध्ये तो जगापुढे आला. आजच्या स्टॅटिन गोळ्यांचा हा पूर्वज. वाटलं, आता मूत्रपिंडं वाचणार.

तसं झालं नाही. जर्मनीत डायलिसिसवरच्या १,२५५ मधुमेही रोग्यांना घेऊन केलेली चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. चरबी उतरली, पण हृदयविकार आणि मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. २००९ मध्ये २,७७६ जणांच्या दुसऱ्या चाचणीतही तेच. २०११ ची 'शार्प' चाचणी ९,२७० जणांची, डायलिसिसवरचे आणि त्याआधीच्या टप्प्यातले, दोन्ही. तिथे चरबीनं तुंबलेल्या धमन्यांमुळे येणारे झटके १७ टक्क्यांनी कमी झाले. मूत्रपिंडाचा ऱ्हास मात्र थांबला नाही. गोळीनं हृदय सांभाळलं, मूत्रपिंड नाही. म्हणून 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१३ मध्ये सांगितलं की मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या, पण डायलिसिसवर नसलेल्या पन्नाशीपुढच्यांना स्टॅटिन द्यावं. डायलिसिसवर गेल्यावर नव्यानं सुरू करू नये. आधीपासून चालू असेल तर चालू ठेवावं.

भाईंना हे सगळं एका दुपारी वाचून दाखवलं. हातात सुया, शेजारी यंत्राची घरघर. त्यांनी विचारलं, "म्हणजे तेव्हा पुलाव खाल्ला असता तरी चाललं असतं?" डॉक्टर हसले. गोळी चालू ठेवा, एवढंच म्हणाले. मग भाई माझ्याकडे वळले.

"तू तुझी लघवी तपासलीस?"

नव्हती तपासली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या पोटी प्रयोगशाळेच्या रांगेत उभा होतो. बारापर्यंत भाईंचे तीन फोन येऊन गेले.