तलावांनी राखलेलं रान

डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी पहाटे बोरिवली स्टेशनवर उतरावं आणि पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाची वाट धरावी. मुंबईतही थंडी पडते, हे तिथं गेल्यावर पटतं. ओढ्यातल्या दगडांवर करडा धोबी शेपटी वरखाली हलवत फिरत असतो. हा पाहुणा हिमालयाकडून येतो. कान्हेरीच्या कातळावर निळा कस्तूर एकटाच बसलेला दिसतो. पानं गाळून उभा असलेला कहांडळ इतका पांढराफटक, की अंधारात माणूस दचकावा. जानेवारी सरता सरता सावरीला लाल फुलं येतात आणि मग पळस पेटतो.

एवढ्या गजबजलेल्या शहरात शंभर चौरस किलोमीटरहून अधिक रान टिकलं कसं? याचं मोठं उत्तर आहे पाणी. कान्हेरीच्या भिक्खूंनी दोन हजार वर्षांपूर्वीच कातळात पोढी खोदून पावसाचं पाणी साठवलं होतं. पुढं विहिरी-तळ्यांवर मुंबईची तहान भागेना, तेव्हा इंग्रजांनी मिठी नदी अडवून १८६० मध्ये विहार तलाव पुरा केला. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. शहराला प्यायचं पाणी स्वच्छ मिळायचं, तर भोवतालचे डोंगर मोकळे ठेवणं भाग होतं. माणसाच्या तहानेपोटी बिबट्याला घर मिळालं! मात्र त्याआधीपासून इथं राहणारे, कारवीच्या कुडाची घरं बांधणारे वारली आपण विसरता कामा नये. या वाटा मुळात त्यांच्या पायांनी पडलेल्या आहेत.

या रानाची हजेरीही कुणीतरी मांडून ठेवली आहे. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची यादी १९३६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाने छापली. अशा नोंदींचं मोल पुढं कळतं. एके काळी मुंबईच्या आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं १९९० च्या दशकात झपाट्यानं घटली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक त्यांच्या जिवावर उठलं होतं. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता.

म्हणून रानात जाताना खिशात छोटी वही असू द्या. कोणता पक्षी, कुठं, कोणत्या तारखेला दिसला, एवढं लिहिलं तरी पुरे. यंदा आलेला धोबी पुढच्या वर्षी आला नाही, तर निदान आपल्याला ते कळेल तरी.

(नभोभाषणावरून संपादित)