पंचावन्न आक्रमकांची चाल

तायतो या जपानी कंपनीने १९७८ साली आणलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळाविषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाते: त्याच्यापायी जपानात शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला. ही दंतकथा बाजूला ठेवलेली बरी. तिच्या नादात खरा प्रश्न राहून जातो. माणसे त्या यंत्राकडे पुन्हा पुन्हा का वळत होती?

खेळाचे कर्ते तोमोहिरो निशिकादो. चित्रे, आज्ञावली, यंत्राची जुळणी, बहुतेक सारे त्यांनी एकट्याने केले. समोर नमुना होता अटारीच्या १९७६ मधल्या 'ब्रेकआउट'चा. तिथे चेंडूने विटा फोडायच्या. विटा बिचाऱ्या जागच्या हलत नाहीत. निशिकादोंनी त्या जागी परग्रहवासी आणले. ११-११ च्या ५ रांगा, एकूण ५५. ते आडवे सरकतात, कड आली की एक पायरी खाली उतरतात आणि वरून माराही करतात.

खरी गंमत वेगात आहे. इंटेल ८०८० हा प्रोसेसर सगळ्या फौजेला एकदम हलवू शकत नसे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नवे होई आणि दर वेळी एकच आक्रमक पुढे सरके. ५५ जण असताना सबंध फौजेचे एक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद लागे; १० उरले की सेकंदाचा सहावा भाग. शेवटचा एकटा तर दर चित्राला उडी घेई. म्हणजे खेळाडू जितका यशस्वी, तितके संकट चपळ! सोबत वाजणारा चार खर्ज स्वरांचा ठेकाही जलद होत जाई.

याला 'सुखद अपघात' म्हणण्याची रीत पडली आहे. मला ती मान्य नाही. मर्यादा यंत्राची होती, हे खरे. पण ती दुरुस्त न करता तशीच ठेवण्याचा निर्णय माणसाचा होता. ठेक्याचे तर प्रोसेसरवर काहीच अडलेले नव्हते. किती आक्रमक उरले असता दोन स्वरांत किती अंतर ठेवायचे, याचे चक्क कोष्टक मूळ आज्ञावलीत आहे. असे कोष्टक अपघाताने लिहिले जात नाही.

१९८० मध्ये अटारीने हा खेळ घरगुती यंत्रावर आणला. तिथे आक्रमक ५५ चे ३६ झाले, रांगा बदलल्या, चित्रे बदलली. शत्रू घटला की चाल वाढायची, हे मात्र तसेच राहिले.