बंदुकीची वाट

इ. स. २०२३ च्या जुलैची ३१ तारीख होती आणि पहाटेचा सुमार होता. जयपूरहून मुंबईस येणाऱ्या आगगाडींत चार माणसें गोळ्या लागून मेलीं: रेल्वे संरक्षण दलाचा एक अंमलदार आणि निरनिराळ्या डब्यांतले तीन उतारू. खाडीवरचा पूल आणि भाईंदर मागें टाकून गाडी पुढें आली, सांखळी ओढली गेली आणि मीरा रोड स्थानकाच्या आसपास त्याच दलाचा एक शिपाई बंदुकीसह पकडला गेला. मृत उतारू तिघेही मुसलमान होते. आरोपीवर खुनाबरोबरच धर्माधर्मांत वैर वाढविल्याचें कलमही लागलें. खटला न्यायालयांत गेला. अपराधाचा निवाडा तेथेंच व्हावयाचा. कोणीं मारलें, हें न्यायाधीशानें पाहावें. पण गोळी कोणत्या वाटेनें आली, हें आरोग्यशास्त्रानें पाहावें कीं नाहीं, एवढाच आमचा येथें प्रश्न आहे.

वाचकांस तो विचित्र वाटेल. परंतु वाट शोधण्याचें हें शास्त्र आमच्याच मुंबईंत एकदां फार मोठ्या किंमतीनें शिकलें गेलें आहे. १८९६ सालीं प्लेग आला. घरांना चुना फांसला, गटारें धुतलीं, दुखणाईतांना ओढून इस्पितळांत नेलें. पुण्यास घरझडतीचा जाच असह्य होऊन १८९७ च्या २२ जून रोजीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. एवढें होऊनही रोग कोणत्या दारानें शिरतो, हें सरकारास ठाऊकच नव्हतें! १८९८ सालीं कराचीस सीमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखविलें; त्याचें फारसें कोणीं ऐकलें नाहीं. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेंतील मंडळींनीं प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. पिसवा शिरूं न देणाऱ्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यांतले वांचले, उघड्यावरचे मेले. दोष हवेचा नव्हता, घाणीचाही नव्हता.

बंदुकीकडे या दृष्टीनें पाहण्याचें धाडस अमेरिकेंतल्या कांहीं विद्वानांनीं केलें. आर्थर केलरमन व त्यांचे सहकारी यांनीं तीन परगण्यांत ज्यांच्या घरीं खून झाला ती कुटुंबें आणि त्याच वस्तींतलीं दुसरीं कुटुंबें ताडून पाहिलीं. १९९३ सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: बंदूक असलेल्या घरांत खुनाचा संभव सुमारें २.७ पट, आणि मारणारा बहुधा घरचा किंवा अगदीं निकटचा. जें घर आधींच भयांत असतें तेंच बंदूक आणतें, हा टीकाकारांचा आक्षेप आम्हांस अगदींच पोकळ वाटत नाहीं. पण आक्षेपाचें उत्तर अधिक संशोधन हें होय. अमेरिकन काँग्रेसनें उलटेंच केलें. १९९६ सालीं डिकी यांच्या नांवानें ओळखलें जाणारें कलम आलें, आणि रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजपत्रकांतून २६ लक्ष डॉलर कापले गेले. आदल्या वर्षीं या विषयावर नेमके तितकेच खर्च झाले होते! बंदुकीवरील निर्बंधांचा पुरस्कार तेवढा करूं नये, असें कलमाचे शब्द. अधिकारी मात्र असे भ्याले कीं अभ्यासच बहुतेक थांबला. २०१२ सालीं खुद्द डिकी यांनींच संशोधन हवें असें लिहिलें. २०१९ च्या अखेरीस अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. मध्यंतरीं एक पिढी गेली.

आतां मीरा रोडकडे वळूं. आपल्याकडे हत्यारांचा कायदा १८७८ चा, पुढें १९५९ चा. २०१९ सालीं एका परवानेदाराच्या बंदुका तीनांवरून दोनांवर आल्या. खाजगी मनुष्याच्या बंदुकीवर कायद्याची नजर करडी आहे. परंतु कामावर असलेला सरकारी नोकर या कायद्यांतून वगळलेला आहे, आणि गाडींतली बंदूक सरकारचीच होती. केलरमन यांचा घरगुती बंदुकीचा हिशेब येथें उपयोगी नाहीं. येथलें दार हत्यारखान्याचें. गोळीबारापूर्वीं त्या शिपायानें प्रकृतीची तक्रार करून कामांतून सुटका मागितली होती, असें एका सहकाऱ्याच्या जबानींत आल्याचें वर्तमानपत्रांनीं छापलें. प्रकृतीची तक्रार करणारे शिपाई पुष्कळ असतात, त्यांच्या हातून खून होत नाहींत. म्हणून आजाराचें नांव पुढें करून द्वेषावर पांघरूण घालणें आम्हांस मान्य नाहीं. पण धांवत्या गाडींत, मध्यरात्रीं, बरें वाटत नाहीं म्हणणाऱ्याच्या हातून भरलेली बंदूक काढून घेण्याचा अधिकार कोणास, आणि ती मग ठेवावयाची कोठें? हें कोणीतरी आधींच ठरवून ठेवावयास हवें.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यांत गोळीनें झालेले खून वर्षानुवर्षें दोन रकान्यांत मांडले गेले: परवान्याची बंदूक आणि बिनपरवान्याची बंदूक. त्या पहाटेचीं चार माणसें यांपैकीं कोणत्या रकान्यांत लिहावीं?