गाठ मारावी की मारू नये

भरतकाम शिकवताना पहिली ताकीद असते ती गाठ न मारण्याची. दोऱ्याचे टोक मागे सोडून टाक्यांखाली दाबा, नाहीतर एकच धागा दुमडून दोन्ही टोके सुईत ओवा आणि मागच्या फासात पहिला टाका अडकवा. १९व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या शिवणवर्गांनी हा दंडक पक्का केला. तिथे कापडाची पाठही तपासली जाई. पण या मापाने वऱ्हाडातल्या बंजारा भरतकामाला ओबडधोबड ठरवणे मला पटत नाही. गाठ हवी की नको, हे कापडाने ठरवायचे असते.

बंजाऱ्यांचे कापड कसे होते ते आधी पाहावे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारा हा समाज. १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, १८६७मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे धावू लागली, आणि रस्ते व रेल्वेपुढे बंजारा तांड्यांची वाहतूक मोडली. तांडे स्थिरावले तरी कोथळी (पिशवी), काचळी (चोळी), फेटिया (घागरा) यांवरचे भरतकाम राहिले. ते जाडसर कापडावरचे, पुष्कळदा अस्तर लावलेले काम. त्यात आरसे बसवतात, आणि आरशाला भोक नसते. आधी त्यावर आडवे-उभे धागे ताणून चौकट धरायची, मग तिच्याभोवती काजटाका फिरवायचा. सगळा ताण सुरुवातीच्या टोकावर येतो. नुसते दाबलेले शेपूट तिथे सरकेल. गाठ मात्र आरशाच्या पाठीशी घट्ट बसते, वर अस्तर चढले की दिसत नाही आणि अंगाला टोचतही नाही. गोधडीतही गाठ थरांच्या आत ओढून घेतली की काम भागते.

यावर कोणी म्हणेल, गाठ नको हा आग्रह काही फक्त साहेबाचा नाही. धारवाडकडच्या कशिद्यातही गाठ वर्ज्यच आहे. खरे आहे, आणि त्याने माझेच म्हणणे बळकट होते. कशिदा एकेरी इरकलीवर, धागे मोजून भरतात. पदर उलटला की पाठ उघडी पडते. तिथे गाठ डोळ्यांत भरणारच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: पातळ कापडातून गाठ आरपार निघते, इस्त्रीखाली उंचवटा येतो. ते मान्यच करायला हवे. जाड सुती कापड जाऊन निसटते कृत्रिम कापड आणि तकतकीत दोरा आला, की बंजारा नमुन्यालाही दोन बारीक उलट्या टिपा घेऊनच सुरुवात करावी.